अबू गरीबची चौकशी हुद्द्यापाशी अडली

युद्धात हाती लागलेल्या माणसाच्या जिवाची आणि प्रतिष्ठेची जबाबदारी त्याला पकडणाऱ्या सैन्यावर असते. १९४९ च्या जीनिव्हा करारांचा हा गाभा आहे. पण सैन्यानेच तो मोडला, तर चौकशी कोणी करायची आणि ती कुठवर न्यायची? इराकमधील अबू गरीब तुरुंगाच्या प्रकरणाने हा प्रश्न जगापुढे उघडपणे मांडला.

बगदादच्या पश्चिमेचा हा तुरुंग सद्दाम हुसेन यांच्या राजवटीत छळ आणि फाशीसाठी कुप्रसिद्ध होता. २००३ मध्ये तो अमेरिकी फौजांच्या ताब्यात आला. त्याच वर्षाच्या अखेरीस तेथे कैद्यांना विवस्त्र करणे, मारहाण करणे, त्यांना कुत्र्यांची भीती घालणे असे प्रकार घडले आणि पहारेकऱ्यांनीच त्यांची छायाचित्रे काढली. जानेवारी २००४ मध्ये जोसेफ डार्बी या सैनिकाने ती लष्कराच्या गुन्हे अन्वेषण विभागाकडे सोपवली. एप्रिलअखेर सीबीएस वाहिनीने ती दाखवल्यावर जगभर संतापाची लाट उसळली. इराकमध्ये पकडलेल्यांपैकी ७० ते ९० टक्के लोक चुकीने पकडले गेले असावेत, असा काही लष्करी गुप्तचर अधिकाऱ्यांचाच अंदाज रेड क्रॉसने आपल्या अहवालात नोंदवला होता.

छायाचित्रे प्रसिद्ध होण्यापूर्वीच मेजर जनरल अँटोनियो टगुबा यांनी लष्करी चौकशी करून अत्याचारांवर कठोर ठपका ठेवला होता. मात्र त्यांचे कार्यक्षेत्र तुरुंगावर पहारा देणाऱ्या लष्करी पोलीस ब्रिगेडपुरते मर्यादित होते. शिवाय चौकशी अधिकारी आपल्याहून वरिष्ठ अधिकाऱ्याची चौकशी करू शकत नाही, असा लष्करी संकेत आहे. गुप्तचर विभागाची चौकशी करणाऱ्या मेजर जनरल जॉर्ज फे यांची हीच अडचण झाली. इराकमधील सेनाप्रमुख लेफ्टनंट जनरल रिकार्डो सांचेझ हुद्द्याने वरचे असल्याने लेफ्टनंट जनरल अँथनी जोन्स यांना या कामात आणावे लागले. चौकशीची प्रत्येक पायरी चढण्यासाठी आणखी एक तारा खांद्यावर असलेला अधिकारी लागत होता, आणि संरक्षणमंत्र्यांच्या दालनापर्यंत ही शिडी पोहोचणारच नव्हती.

निर्णयांचा उगम मात्र तेथेच होता. अल-कायदाच्या कैद्यांना जीनिव्हा करार लागू नाहीत, असे अध्यक्ष बुश यांनी फेब्रुवारी २००२ मध्ये ठरवले. डिसेंबर २००२ मध्ये संरक्षणमंत्री डोनाल्ड रम्सफेल्ड यांनी ग्वांटानामोसाठी कठोर चौकशीतंत्रांना मंजुरी दिली. ती काही आठवड्यांत मागे घेतली गेली, तरी त्या पद्धती अफगाणिस्तान आणि इराकपर्यंत झिरपल्या. या छळाचा दोष केवळ काही सैनिकांच्या माथी मारता येणार नाही, असा निष्कर्ष सिनेटच्या सशस्त्र सेवा समितीने २००८ मध्ये काढला.

शिक्षा मात्र खालच्या स्तरावरच थांबल्या. अकरा सैनिक दोषी ठरले. चार्ल्स ग्रेनर याला सर्वाधिक, दहा वर्षांची कैद झाली. ब्रिगेडियर जनरल जॅनिस कार्पिन्स्की यांची पदावनती झाली. लष्करी खटल्याला सामोरे गेलेले एकमेव अधिकारी लेफ्टनंट कर्नल स्टीव्हन जॉर्डन छळाच्या आरोपांतून सुटले. नोव्हेंबर २००३ मध्ये सीआयएच्या चौकशीदरम्यान तेथेच मरण पावलेल्या मनादेल अल-जमादी यांच्या मृत्यूबद्दल कोणालाही शिक्षा झाली नाही.

पीडितांना वाट पाहावी लागली ती दिवाणी न्यायालयाची. २००८ मध्ये दाखल झालेल्या दाव्यात तीन माजी कैद्यांना एकूण ४ कोटी २० लाख डॉलर भरपाई द्यावी, असा निर्णय व्हर्जिनियातील ज्यूरीने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला. प्रतिवादी होती चौकशीसाठी माणसे पुरवणारी खासगी कंपनी 'सीएसीआय'. तिने आरोप सातत्याने नाकारले आहेत. एका सैनिकाने पुरावा पुढे आणला, टगुबांसारख्या अधिकाऱ्याने सत्य लिहिले. तरीही चौकशीची सूत्रे ज्यांच्या हाती होती, त्यांची चौकशी करणारा कोणी नव्हता. लष्कराबाहेरच्या स्वतंत्र यंत्रणेची गरज आहे ती नेमकी येथे.