कोहली जामठ्यात किती फूट पळाला?

मिहानच्या शेजारीच जामठ्याचं व्हीसीए स्टेडियम आहे. नोव्हेंबर 2017 मध्ये श्रीलंकेविरुद्धच्या कसोटीत विराट कोहलीने इथे 213 धावा काढल्या. 17 चौकार आणि 2 षटकारांच्या झाल्या 80. उरलेल्या 133 पळून.

आता घरातल्या चौथी-पाचवीतल्या पोरांना विचारा, या 133 धावांसाठी तो किती फूट पळाला? दोन्ही स्टम्पमधलं अंतर 66 फूट, पण क्रीज दोन्हीकडे 4-4 फूट पुढे असते. म्हणून एक धाव साधारण 58 फुटांची. गणित झालं 133 × 58.

58 म्हणजे 50 आणि 8.

133 × 8 = 1064
133 × 50 = 6650
बेरीज = 7714

म्हणजे सव्वादोन किलोमीटरहून जास्त, तेही पॅड बांधून!

दुसऱ्या ओळीत एककाखाली आपण शून्य किंवा फुली मांडतो. का? कारण तिथे 5 ने नाही, 50 ने गुणतोय. मुलं नेमकं हेच विसरतात. मग 1064 मध्ये 665 मिळवून उत्तर येतं 1729. रामानुजनमुळे हा आकडा फेमस आहे, पण इथे साफ चूक! नुसत्या आकड्यांत ती लपून जाते, मैदानावर लगेच पकडली जाते. 100 धावांचेच 5800 फूट होतात, मग 133 धावांचे 1729 कसे?

म्हणून आधी अंदाज करायला लावा: 133 × 60, म्हणजे 8000 च्या आसपास. मगच गुणाकार.

पुढच्या मॅचचं स्कोअरकार्ड मोबाईलवर उघडा. खेळाडू मात्र पोरांनाच निवडू द्या!