वजन, जोर आणि दम

लेकरांनो, डिसेंबर २०१८ मध्ये आपल्या जालन्यात, आझाद मैदानावर, महाराष्ट्र केसरीची कुस्ती झाली. गादी विभागातून पुण्याचा अभिजित कटके आला, माती विभागातून बुलढाण्याचा बाला रफिक शेख, आणि विजेत्याची गदा बाला रफिकच्या खांद्यावर गेली. कुंडलिका नदीच्या अलीकडे जुन्या जालन्यात काय नि पलीकडे काय, तेव्हा दुसरा विषय नव्हता. महाराष्ट्र केसरीच्या गटाची वजनाची अट ८६ ते १२५ किलो. पण त्याच स्पर्धेत ५७ किलोचे मल्लही लढतात, आणि त्यांची कुस्ती पाहिली की खेळच वेगळा वाटतो. हलका मल्ल सुळकन पटात, म्हणजे समोरच्याच्या पायांत, शिरतो, निसटतो, पुन्हा शिरतो. भारी मल्ल मात्र मानेवर हात टाकून, डोक्याला डोकं लावून अंदाज घेत राहतो. तो आळस नव्हे बरं. त्यामागे निसर्गाचं गणित आहे.

लुडोचे आठ फासे चिकटवून एक मोठा फासा करा. लांबी, रुंदी, उंची दुप्पट झाली. वरून पाहिलं तर चारच फासे दिसतात, पण उचलायला गेलात तर वजन आठांचं! स्नायूचा जोर ठरतो त्याच्या जाडीवर, म्हणजे त्या चार फाशांवर. ओझं मात्र आठांचं. म्हणून देह मोठा झाला की एकूण जोर वाढतो, पण किलोमागे पाहिलं तर घटतो. मुंगी आपल्या वजनाच्या कितीतरी पट ओझं नेते, ती याच हिशोबानं.

माणसातही हेच दिसतं. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये ६० किलो गटातल्या वेटलिफ्टर नईम सुलेमानोग्लूनं १९० किलो डोक्यावर उचलले, स्वतःच्या तिप्पटीहून जास्त. २०२१ मध्ये लाशा तलाखाद्झेनं विक्रमी २६७ किलो उचलले, पण त्या महाकाय माणसाला ते स्वतःच्या दुप्पटही नव्हते. कातडीचंही तसंच: मोठ्या देहाला उष्णता बाहेर टाकायला किलोमागे कातडी कमी मिळते, म्हणून तो लवकर तापतो.

हलक्या-भारी खेळाडूंमधला हा फरक बॉक्सिंगमध्ये आणखी उघड दिसतो. फ्रँक ब्रुनो या हेवीवेटचा ठोसा १९८५ मध्ये मोजला, तेव्हा त्याचा जोर ४०० किलो वजनाइतका भरला. एवढा जोर असलेला माणूस एका ठोशाची वाट पाहत थांबू शकतो. हलका बॉक्सर पायांवर नाचत ठोशांची सरबत्ती करतो. मेरी कोमनं ४५ ते ४८ किलोंच्या गटांत जगज्जेतेपदं मिळवली, पण २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये बायकांचा सगळ्यात हलका गटच ५१ किलोंचा. उंच, लांब हातांच्या मुलींशी गाठ पडली, तरी तिनं कांस्यपदक आणलंच. मला त्या पदकाचं फार कौतुक आहे.

आता दम. मला सगळ्यात नवल याचंच वाटतं. झटक्यात डाव मारायला स्नायूत तयार इंधन असतं, पण ते जेमतेम दहा सेकंद पुरतं. ते पुन्हा भरायला प्राणवायू लागतो. म्हणजे पहिला झटका जोराचा, पण दुसरा, तिसरा, दहावा झटका दमाचा! कुस्ती तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांची, मध्ये अर्ध्या मिनिटाची उसंत. ज्याचा दम पक्का, त्याचा साठा दोन पकडींच्या मधल्या वेळातही भरत राहतो, म्हणून तो शेवटच्या मिनिटाला पट काढू शकतो. दमछाक झालेला मल्ल धरून ठेवतो, रेटतो, वेळ काढतो.

मेहनतीनं काय साधतं ते पाहा. आपले पैलवान खाशाबा जाधव १९४८ ला लंडन ऑलिंपिकमध्ये ५२ किलो गटात लढले. मातीतला गडी, गादीची फारशी सवय नाही, तरी सहावे आले. पुढची चार वर्षं मेहनत केली आणि १९५२ ला हेलसिंकीत ५७ किलो गटात कांस्यपदक जिंकलं.

तालमीत वस्ताद जोर-बैठका काढायला लावतात, पळायला लावतात, ते दम कमावण्यासाठीच. रोजच्या मेहनतीनं हृदय दर ठोक्याला जास्त रक्त ढकलतं आणि स्नायूंत बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं दाट होतं. तुमच्यापैकी ज्याला तालमीत जायचंय त्यानं उद्या सकाळी उठायच्या आधी, पडल्यापडल्या, मनगटावर बोटं ठेवून मिनिटभर नाडी मोजावी आणि वहीत लिहून ठेवावी. सहा महिने मेहनत करून पुन्हा मोजा. आकडा बहुधा खाली आलेला दिसेल.