जिने चढणारा बेस

डाफ्ट पंक या फ्रेंच जोडीचं १९९७ चं 'अराउंड द वर्ल्ड' नुसतं ऐकलं, तर हाती काय लागतं? शीर्षकातले तेच तीन शब्द, यंत्रातून आल्यासारखे, पुन्हा पुन्हा. आणि खाली न थांबणारा ठेका.

मग दिग्दर्शक मिशेल गोंद्रीचा व्हिडिओ पाहावा. तबकडीसारखा गोल मंच, मागे पायऱ्या, आणि नर्तकांचे पाच गट. यंत्रमानव गोल गोल फिरतात, तो गाणारा आवाज. चिमुकल्या डोक्यांचे उंच खेळाडू जिने चढतात-उतरतात, तो बेस. त्याचे आरोह-अवरोह पायऱ्यांवर अक्षरशः दिसतात. पोहण्याच्या टोप्या घातलेल्या मुली म्हणजे कीबोर्ड, सांगाडे म्हणजे गिटार, ममी म्हणजे ड्रम मशीन. नृत्यरचना ब्लांका ली यांची. एक वाद्य थांबलं की त्याचा गट थबकतो. एकसुरी वाटलेल्या गाण्यात इतकी वर्दळ होती तर!

गाण्यात पाऊस आला की पडद्यावर पाऊस पाडणारे व्हिडिओ पुष्कळ असतात. त्यांनी गाण्यात भर पडत नाही. गोंद्री शब्दांना हातच लावत नाही. तो स्वतः 'वी वी' या बँडमध्ये ड्रम वाजवायचा. त्याला गाण्याची बांधणी दिसते.

आणि डोळ्यांनी दाखवलेलं कानांना ऐकू येतं, हे खरंच घडतं. १९७६ मध्ये हॅरी मॅकगर्क आणि जॉन मॅकडोनाल्ड या मानसशास्त्रज्ञांनी 'गा' म्हणणाऱ्या ओठांवर 'बा' हा आवाज चढवला. बहुतेकांना ऐकू आलं 'दा', जे कुणी उच्चारलंच नव्हतं! युक्ती माहीत असली तरी भास सहसा जात नाही. मेंदू कान आणि डोळे यांचा हिशेब वेगवेगळा ठेवतच नाही.

केमिकल ब्रदर्स या जोडीच्या 'स्टार गिटार' या गाण्यासाठी (२००२) गोंद्रीने 'अराउंड द वर्ल्ड'हूनही मोठं धाडस केलं. पडद्यावर फक्त आगगाडीची खिडकी. दक्षिण फ्रान्समध्ये केलेलं चित्रण, मागे पळणारे खांब, इमारती, पूल. आधी वाटतं, कुणीतरी सहज कॅमेरा धरलाय. हळूहळू ध्यानात येतं, की प्रत्येक ठोक्याला एक वस्तू येते, आणि तोच ठोका परतला की तीच वस्तू परतते. संगणकावर हे सगळं रचण्याआधी त्याने संत्री, काटेचमचे, पेले मांडून गाण्याचा आराखडा बसवला होता. आवाज बंद करून पाहा. मला तरी आता नुसत्या खांबांवरून ड्रम ओळखता येतात.