चाचणी बोलकी हवी

महू म्हटले की डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे जन्मस्थान डोळ्यांसमोर येते. इंदूरजवळच्या या छावणीच्या शहराची आणखी एक ओळख म्हणजे तेथील लष्कराचे दूरसंचार अभियांत्रिकी महाविद्यालय. संदेशवहनात संदेश पाठविला की काम संपत नाही. तो पोहोचला का आणि नसल्यास कोठे अडला, हेही कळावे लागते. संगणकीय आज्ञावलींची परीक्षा घेणाऱ्या ‘शेल’ चाचण्यांनाही हाच नियम लागू पडतो.

शेल म्हणजे आपण लिहिलेल्या आज्ञा संगणकाकडून करवून घेणारा दुभाषा. स्टीफन बोर्न यांचे शेल १९७९ साली युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर आले आणि त्याची धाटणी आजही टिकून आहे. शेलमधील प्रत्येक आज्ञा संपताना एक आकडा मागे ठेवते. शून्य म्हणजे यश, अन्य आकडा म्हणजे अपयश. चाचणीचा निकाल या आकड्यावरच ठरतो.

लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली सुरू केलेल्या ‘गिट’ या प्रकल्पाच्या चाचण्या मुख्यतः शेलमध्ये आहेत. त्यांतील जुन्या चाचण्या सोप्या करण्याचे काम अनेकदा नवोदितांना प्रथम दिले जाते. ते वरवर किरकोळ वाटले तरी तसे नाही.

एक उदाहरण पाहू. ‘टेस्ट -एफ’ ही आज्ञा फाइल अस्तित्वात आहे का, हे तपासते; मात्र ती नसल्यास चकार शब्द न काढता अपयशी ठरते. गिटमध्ये तिच्या जागी ‘टेस्ट पाथ इज फाइल’ हे साहाय्यक फंक्शन वापरतात. ते कोणती फाइल सापडली नाही, हे नावानिशी सांगते. त्यामुळे दोष शोधणाऱ्याचा वेळ वाचतो.

दुसरा धोका अधिक गंभीर आहे. एका आज्ञेचे उत्तर ‘पाइप’मधून दुसरीकडे सोपविले, की शेल सामान्यतः शेवटच्या आज्ञेचाच आकडा ग्राह्य धरते. पहिली आज्ञा अर्ध्यावर कोसळली, पण हवी ती ओळ तत्पूर्वीच बाहेर पडली असेल, तर चाचणी उत्तीर्ण ठरते! उपाय साधा आहे: उत्तर आधी फाइलमध्ये साठवावे, मग ती फाइल तपासावी आणि दोन्ही पायऱ्या ‘आणि’चे चिन्ह देऊन जोडाव्यात. मधला एखादा दुवा सुटला, तरी अपयश असेच गिळले जाते.

सुलभीकरण म्हणजे केवळ ओळी कमी करणे नव्हे. एका वेळी एकच बदल करावा. त्यानंतर मूळ आज्ञावलीत मुद्दाम चूक करून चाचणी खरोखर अनुत्तीर्ण होते का, हे पाहावे. कधीच अनुत्तीर्ण न होणारी चाचणी ही चाचणीच नव्हे.

महूजवळच्या सिमरोळच्या आयआयटीत असो वा आपल्या फर्मागुडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात, विद्यार्थ्याने लिहिलेली चाचणी उद्या दुसराच कोणी वाचणार असतो. त्याला ती पहिल्याच वाचनात समजावी, इतकी ती बोलकी असायला हवी.