शहर शिकायचे, नोकरी सांभाळून

भिवंडी म्हटले की बाहेरच्या माणसाला दोनच गोष्टी आठवतात. एक यंत्रमागांची खडखड आणि दुसरी रस्त्यावरची कोंडी. अलीकडे त्यांत गोदामांची भर पडली आहे. मुंबई-ठाण्याच्या घराघरांत येणारे खोके पुष्कळदा माणकोली, काल्हेर, राहनाळ, पूर्णा या गावांतल्या गोदामांतून निघालेले असतात. 2011 च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या 7,09,665 होती. एवढ्या मोठ्या शहराची घडण कोणी ठरवली, असे विचारले तर उत्तर मिळते: कोणीच नाही, आणि प्रत्येकाने थोडी थोडी!

1857 नंतर उत्तरेतून आलेल्या मोमीन विणकरांनी येथे हातमाग मांडले. पुढे वीज आली आणि यंत्रमाग आले. 1982 चा गिरणी संप झाला, मुंबईतल्या गिरण्या थंडावल्या आणि कापडाचे काम भिवंडीकडे सरकले. मुंबईचा जकात नाका चुकवून माल ठेवायला जागा हवी होती, म्हणून शहराभोवतीच्या भातशेतीत गोदामे उभी राहिली. 2017 मध्ये जीएसटी आला, जकात गेली, पण गोदामे वाढतच राहिली. प्रत्येक वेळी कारण धंद्याचे होते आणि ते रास्तही होते. मात्र माग, माणूस आणि मालाचा टेम्पो एकाच गल्लीत कसे नांदतील, याचा एकत्रित विचार करणारा माणूस त्या वेळी कोणत्याच टेबलावर बसलेला नव्हता.

हा विचार शिकवणारी एक विद्याशाखा आहे. तिचे नाव अर्बन डिझाइन.

इमारत आणि नकाशा यांच्या मधले

आर्किटेक्ट इमारतीचा विचार करतो. नगररचनाकार संपूर्ण शहराच्या नकाशावर रंग भरतो: पिवळा भाग राहण्याचा, निळा धंद्याचा, जांभळा कारखान्यांचा. या दोघांच्या मध्ये जे उरते ते म्हणजे रस्ता, चौक, पदपथ, दोन इमारतींमधली बोळ, बसथांब्यावरची सावली. आपण घराबाहेर पाऊल टाकल्यापासून परत येईपर्यंत ज्यात वावरतो, ते हेच. अर्बन डिझाइनचा विषय हाच.

1956 मध्ये अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात होसे लुई सर्ट या वास्तुकाराने या विषयावर परिषद भरवली आणि 1960 मध्ये तेथे स्वतंत्र अभ्यासक्रम सुरू झाला. त्याच वर्षी केविन लिंच यांचे शहराच्या प्रतिमेविषयीचे पुस्तक प्रसिद्ध झाले. माणूस आपले शहर मनात कसे साठवतो, तर वाटा, सीमा, भाग, नाके आणि खुणा या पाच गोष्टींनी, असे लिंच यांनी मांडले. भिवंडीकराला हे समजावून सांगण्याची गरजच नाही. कल्याण रोड ही वाट, कामवारी नदी ही सीमा, पद्मानगर हा भाग, वऱ्हाळादेवीचा तलाव ही खूण. आणि नाके तर विचारूच नका. वंजारपट्टी नाका, कल्याण नाका, धामणकर नाका! सारा पत्ता नाक्यावरच सांगितला जातो.

या अभ्यासात एक साधा धडा असतो. नकाशावर इमारती काळ्या रंगवायच्या आणि मोकळी जागा पांढरी सोडायची. 1748 मध्ये जांबातिस्ता नोल्ली याने रोमचा असा नकाशा काढला, तो आजही विद्यार्थ्यांना दाखवतात. यंत्रमागाच्या एखाद्या दाट वस्तीचा असा नकाशा काढला तर पांढरी रेघ किती बारीक उरते, ते डोळ्यांना टोचते. त्या रेघेतून सुताची बाचकी येतात, कापडाचे तागे जातात, मुले शाळेला जातात. आणि आग लागली तर अग्निशमनाचा बंबही तेथूनच जायचा असतो.

21 सप्टेंबर 2020 च्या पहाटे पटेल कंपाउंडमधली जिलानी ही तीन मजली इमारत कोसळली आणि चाळीसच्या आसपास माणसे दगावली. अर्बन डिझाइन शिकलेला माणूस असता तर ती इमारत उभी राहिली असती, असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. इमारतीचा मजबूतपणा तपासणे हे वेगळे काम, वेगळ्या अभियंत्याचे. परंतु मोडकळीला आलेल्या घरांतली माणसे दुसरीकडे का जात नाहीत, मागाजवळच का राहतात, त्यांना तेथेच सुरक्षित घर कसे देता येईल, हे प्रश्न मात्र याच विद्येचे आहेत. नियमाचे पुस्तक सांगते, कारखाना आणि घर वेगळे करा. येथला कामगार मात्र पाळी सुटली की चालत घरी पोहोचतो, आणि त्याच्या तुटपुंज्या कमाईचा जमाखर्च त्यावरच जुळतो. आवाज, हादरे आणि कापसाची धूळ घराबाहेर ठेवायची, पण ही चालत जाण्याची सोय मोडायची नाही, हे कोडे फक्त नकाशात रंग भरून सुटत नाही.

शिकायचे, पण कधी?

आपल्याकडे दिल्लीची स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर, अहमदाबादचे सेप्ट, मुंबईत जुहूचे कमला रहेजा विद्यानिधी अशा ठिकाणी अर्बन डिझाइनचे पदव्युत्तर शिक्षण मिळते. पदवी आर्किटेक्चरची लागते आणि अभ्यास सहसा दोन वर्षांचा, पूर्ण वेळ असतो. विशीतल्या मुलाला हे जमते. पण ज्याने दहा वर्षे बांधकामाचे नकाशे तपासले आहेत, ज्याला कोणत्या गल्लीत पावसाळ्यात गुडघाभर पाणी साचते ते तोंडपाठ आहे, त्याचे काय? किंवा भिवंडीत स्वतःचे छोटे ऑफिस चालवणाऱ्या आर्किटेक्ट बाईंचे, ज्यांना सकाळी साइट, दुपारी पालिका आणि संध्याकाळी मुलांचा अभ्यास आहे?

चाळिशीच्या आतबाहेरच्या माणसाने पुन्हा शिकायचे म्हटले की ते एकट्याचे शिक्षण राहत नाही. घराचा हप्ता असतो, सासूबाईंचे औषध असते, मुलीची दहावी असते. भिवंडीहून आधी ठाणे किंवा कल्याण गाठायचे, मग लोकल पकडायची. भिवंडी रोड स्टेशन आहे, पण ते वसई-दिवा मार्गावर, आणि गाड्या मोजक्या. अशा माणसाला दोन वर्षे पगार सोडा म्हणणे म्हणजे शिकू नका म्हणण्यासारखेच आहे.

याची किंमत सगळे शहर मोजते. नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालानुसार देशाला सुमारे 12,000 नगररचनाकारांची गरज असताना राज्यांच्या नगररचना खात्यांत 3,945 पदेच मंजूर होती आणि त्यांतलीही 42 टक्के रिकामी होती. बाहेरून शिकून आलेली माणसे मोठ्या शहरांतच स्थिरावतात. भिवंडीसारख्या गावी ज्यांना राहायचेच आहे, त्यांनाच शिकवणे हा त्यावरचा सरळ उपाय आहे.

वाट जुनीच आहे

नोकरी सांभाळून शिकवणे आपल्याला नवे नाही. 1896 मध्ये मुंबईच्या जे.जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये आर्किटेक्चरचे पहिले वर्ग भरले, ते वास्तुकारांच्या कचेऱ्यांत काम करणाऱ्या मदतनिसांना तयार करण्यासाठीच. म्हणजे या शिक्षणाची सुरुवातच नोकरदारांपासून झाली! 1926 साली मुंबईत स्थापन झालेल्या अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्थेच्या पदविका घेऊन पालिकांतल्या कित्येक कर्मचाऱ्यांनी बढत्या मिळवल्या. इग्नूने नगरनियोजन आणि विकास या विषयाची पदव्युत्तर पदविका घरबसल्या आणली. ब्रिटनमधल्या अनेक विद्यापीठांत अर्बन डिझाइनची पदवी अर्धवेळ करता येते. आपल्याकडे एआयसीटीईनेही अलीकडे अभियांत्रिकीचे वर्ग नोकरदारांच्या सोयीच्या वेळी भरवायला परवानगी दिली आहे. मग अर्बन डिझाइननेच मागे का राहावे?

अडचण सांगितली जाते ती स्टुडिओची. हा विषय व्याख्याने ऐकून येत नाही. जागेवर जावे लागते, मोजावे लागते, चित्र काढावे लागते आणि ते दहा जणांसमोर मांडून टीका ऐकावी लागते. हे खरे आहे. पण शनिवार-रविवारी स्टुडिओ भरला आणि आठवडाभराचे नोकरीचे कामच त्याचा विषय झाले, तर ही अडचण सोय ठरेल. पालिकेतल्या अभियंत्याने आपल्याच प्रभागातला एक नाका घ्यावा. रिक्षा कुठे थांबतात, हातगाडी कुठून वळते, शाळकरी मुले रस्ता कुठे ओलांडतात, हे सकाळ-संध्याकाळ नोंदवावे. दोन वर्षांऐवजी तीन वर्षे लागतील, लागू देत. त्याच्या प्रबंधातला नाका निदान खरा असेल, आणि पदवी मिळाल्यावर तो नाका सुधारण्याची फाइलही त्याच्याच टेबलावर येईल.

यासाठी विद्यापीठाने वेळापत्रक बदलावे, महापालिकेने शिकू इच्छिणाऱ्याला शनिवारची सवड आणि फीचा काही भाग द्यावा, आणि घरच्यांनी रविवारच्या जेवणाला थोडे उशिरा बसावे. यात अशक्य असे काही नाही.

ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोचे खांब शहराच्या दारात उभे राहिले आहेत. स्टेशन आले की त्याच्या पायथ्याशी रिक्षा, फेरीवाले, दुकाने आणि माणसांची झुंबड येणारच. ती जागा आजच नीट आखून ठेवायची की वीस वर्षांनी पाडापाडी करून मोकळी करायची, हे ठरवायला भिवंडीला भिवंडीचीच शिकलेली माणसे हवी आहेत. ती कामावर रुजू आहेतच. त्यांच्यासाठी वर्ग तेवढा उघडायचा राहिला आहे.