टीव्हीजवळचा संगणक घोंघावतो? मोठा नव्हे, योग्य एसएमपीएस घ्या!

पवनारला आमचे घर दोन खोल्यांचे. पुढच्या खोलीत टीव्ही, तिथेच मुलीचे अभ्यासाचे टेबल आणि भिंतीला लागून आईची खाट. बोनसच्या पैशातून आम्ही एका ऑफिसातून निघालेला जुना संगणक घेतला आणि टीव्हीला जोडला. दिवसा मुलीने त्यावर अभ्यास करावा, फॉर्म भरावेत आणि रात्री सर्वांनी मिळून एखादा सिनेमा पाहावा, एवढाच हेतू.

उन्हाळाभर काही जाणवले नाही. आपल्या वर्धा जिल्ह्यात मे महिन्यात कूलरच्या घरघरीत सारेच बुडून जाते. पण पाऊस सरला, कूलर कोपऱ्यात गेला आणि संगणकाचा डबा घोंघावू लागला. सिनेमातले हळू बोलणे ऐकू येईना. आवाज वाढवावा तर आईची झोप मोडे. शेवटी मुलगीच म्हणाली, "बाबा, बंद करा ना तो. वाचलेले डोक्यात शिरत नाही."

कागदाची लांब नळी करून आम्ही कान लावला. आवाज मागच्या चौकोनी पेटीतून येत होता. हीच ती एसएमपीएस. भिंतीतल्या 230 व्होल्ट विजेचे ती 12, 5 आणि 3.3 व्होल्ट करून संगणकाला देते. हे करताना काही वीज उष्णता होऊन वाया जाते आणि ती बाहेर फेकायला आत पंखा असतो.

आमची चूक

मोठी पेटी घेतली तर तिच्यावर ताण येणार नाही आणि ती शांत चालेल, असा आमचा हिशेब. एका दुकानातून लेबलावर 500 वॅट लिहिलेली स्वस्त पेटी आणली. हातात घेतली तर हलकीफुलकी. लावली तर पहिलीपेक्षाही जास्त ओरडू लागली! पैसे गेले आणि शहाणपण आले. तेच वाचकांपुढे ठेवतो.

पहिली गोष्ट, आवाजाचे मूळ उष्णतेत आहे. वेगळे ग्राफिक्स कार्ड नसलेला साधा संगणक सिनेमा दाखवताना साधारण 60 वॅटच्या आतबाहेर वीज घेतो. पेटीची कार्यक्षमता 70 टक्के असेल, तर ती भिंतीतून 86 वॅट ओढते आणि 26 वॅटची उष्णता करते. कार्यक्षमता 90 टक्के असेल तर उष्णता होते फक्त 7 वॅट. उष्णता कमी, की पंखा हळू. विजेचे बिलही थोडे हलके होते.

याची खूण म्हणजे '80 प्लस' हा शिक्का. 2004 सालापासून ही तपासणी चालू आहे. साध्या शिक्क्याचा अर्थ असा, की 20, 50 आणि 100 टक्के भारावर पेटी किमान 80 टक्के कार्यक्षम आहे. ब्राँझ त्याहून बरी, गोल्ड त्याहून चांगली. आता आमची चूक पाहा. 300 वॅटच्या पेटीवर आपला 60 वॅटचा भार 20 टक्के होतो. 600 वॅटच्या पेटीवर तो 10 टक्क्यांवर येतो आणि तिथे हा साधा शिक्का कशाचीच हमी देत नाही. म्हणून अशा संगणकाला चांगली 300 ते 400 वॅटची पेटी पुरते.

लेबल कसे वाचावे?

मोठ्या आकड्याला भुलू नका. 12 व्होल्टसमोर किती अँपिअर लिहिले आहेत ते पाहा आणि 12 ने गुणा. लेबलावर 450 वॅट आणि 12 व्होल्टसमोर 14 अँपिअर असतील, तर खरी ताकद 168 वॅटच्या आसपास. दुकानातच हा गुणाकार करावा. त्यात लाज कसली!

दुसरी गोष्ट पंख्याची. 80 मिलिमीटरचा छोटा पंखा मागच्या बाजूला असतो. 120 मिलिमीटरचा मोठा पंखा पेटीच्या रुंद अंगाला बसतो आणि तेवढीच हवा बऱ्याच कमी वेगात ढकलतो. पंख्याचा वेग निम्मा झाला की आवाज सुमारे 15 डेसिबलने उतरतो. दहा डेसिबल उतरले तरी कानाला आवाज निम्मा झाल्यासारखा वाटतो. म्हणून मोठा पंखा घ्यावा.

मग बिनपंख्याचीच पेटी का घेऊ नये? आपल्याकडे जपून. पारा 45 च्या पुढे जातो, तेव्हा बंद टीव्ही-कपाटात ती तापते आणि आतले कपॅसिटर लवकर खराब होतात. काही पेट्यांची पूर्ण ताकद 40 अंशांपर्यंतच धरलेली असते, चांगल्यांची 50 अंशांपर्यंत. आपल्याला 50 ची बरी. भार कमी असताना पंखा आपोआप थांबवणाऱ्या पेट्याही मिळतात. हिवाळ्यात शांत, उन्हाळ्यात सुरक्षित.

घेण्यापूर्वी जुनी पेटी बाहेर काढून मापे घ्या. ऑफिसातून निघालेल्या काही संगणकांत पेटीचा आकार आणि पिना वेगळ्या असतात. बाजारातली साधी पेटी त्यांना बसत नाही. घरी इन्व्हर्टर असेल तर तो शुद्ध साइन वेव्हचा आहे ना, हेही विचारा. चौकोनी लहरींच्या इन्व्हर्टरवर काही पेट्या कुरकुरतात, काही बंदच पडतात.

पेटी उघडू नका

आवाज आला की स्क्रू खोलण्याचा मोह होतो. पण आतल्या कपॅसिटरमध्ये 325 व्होल्ट किंवा त्याहूनही जास्त वीज असते आणि प्लग काढल्यावरही काही काळ राहते. पेटी कधीही उघडू नये. प्लग काढून बाहेरूनच ब्रशने धूळ झाडावी. घरात कापूस साठवला असेल तर तंतू जाळीत अडकतात, तेव्हा महिन्याला एकदा झाडणे बरे. डबा भिंतीपासून वीतभर दूर ठेवावा आणि तीन पिनांचे अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्यावे.

आम्ही शेवटी मोठ्या पंख्याची, ब्राँझ शिक्क्याची, 350 वॅटची पेटी घेतली. वजनाला भारी, आकड्याला लहान. त्या रात्री सिनेमा संपला तरी आई गाढ झोपेत होती. मुलीने त्याच संगणकावर धडा उघडला आणि अकरापर्यंत वाचत बसली. डबा चालू आहे की बंद, हे पाहायला आम्हाला त्याच्या दिव्याकडे पाहावे लागले. लहान घरात अभ्यासाला वेगळी खोली देता येत नाही. पण शांतता देता येते, आणि ती आपणच द्यावयाची आहे.