थंडीतला घाम

बस इथे, माझ्याशेजारी. नागपूरकर भोसल्यांनी १७८० च्या सुमारास हा घाट बांधला, म्हणजे आपल्याच गावच्या राजाची पायरी. काशीत गंगा उत्तरेकडे वाहते आणि घाट पूर्वेला तोंड करून आहेत. म्हणून पौषातलं कोवळं ऊन सरळ गुडघ्यांवर येतं.

मघाशी नावाडी मला घाम तापायला बसा म्हणाला, तर तू माझं कपाळच निरखायला लागलास! अरे, भोजपुरीत घाम म्हणजे ऊन. ऊन खात बसा, एवढंच म्हणत होता बिचारा.

संस्कृतात घर्म म्हणजे उष्णता. इकडच्या लोकांनी त्या उष्णतेचं कारण धरलं, आपण परिणाम धरला. त्यांचा घाम आभाळातून येतो, आपला अंगातून निथळतो, शब्द तोच. त्याचे भाऊबंद तर फार लांब पसरलेत. फारसीतून आपल्याकडे आलेला ‘गरम’ त्याचाच चुलत भाऊ, आणि ग्रीकांचा ‘थर्मोस’ही. म्हणजे पिशवीतला थर्मास, त्यातला गरम चहा आणि तो पिऊन आलेला घाम, सगळे एकाच कुळातले.

आता ऊन घे. दुकानदार शाल दाखवून ‘असली ऊन’ म्हणाला आणि तू खो खो हसलास. इथली कथा अगदी उलटी आहे. हिंदीतलं ऊन म्हणजे लोकर, ते आलं ‘ऊर्णा’वरून. इंग्रजांची ‘वूल’ त्याच घरची. आणि जाळं विणणाऱ्या कोळ्याला संस्कृतात ऊर्णनाभ म्हणतात, किती छान नाव आहे बघ, बेंबीत लोकर असलेला! आपलं ऊन मात्र ‘उष्ण’चं. उष्णचं झालं उण्ह, उण्हचं ऊन. पुरावा पाहिजे? ‘उन्हात’ म्हणून बघ, ‘उन्हाळा’ म्हण. तो जुना ह अजून तिथे ठाण मांडून आहे, नुसत्या ‘ऊन’मधून तेवढा गळाला.

दोन निराळे शब्द लोकांच्या तोंडात झिजत झिजत एकसारखे झाले. या गंगेतला सोंस तसाच. पाण्यात पोहून पोहून माशासारखा दिसायला लागला, पण आहे तो डॉल्फिन. पिलाला दूध पाजतो.

आणि हिंदीत उन्हाला काय म्हणतात, तर धूप! आपला धूप देवापुढे जळतो. एक गाठ सोडवावी तर दुसरी पडते.

युरोपात तर हाकेच्या अंतरावर भाषा बदलते. रोमन लिपीत चार अक्षरांचा ‘मोस्ट’ लिहिलास, तर इंग्रजाला तो ‘सर्वात जास्त’, चेक माणसाला पूल, आणि हंगेरीत त्याच अक्षरांचा अर्थ ‘आत्ता’. जर्मनाला चुकूनही ‘गिफ्ट’ देऊ नकोस, तिथे गिफ्ट म्हणजे विष. हे प्रकरण घामाच्या जातीचं आहे, उन्हाच्या नव्हे. मुळात अर्थ ‘दिलेलं’. इंग्रजीत दिलेली ती भेट झाली. जर्मनीत आधी औषधाची मात्रा, मग विषाची.

सगळ्यात कहर ‘ने’चा. ग्रीसमध्ये ‘ने’ म्हणजे हो. सीमा ओलांडून बल्गेरियात गेलं की ‘ने’ म्हणजे नाही, आणि तिथले लोक परंपरेने नाही म्हणताना मान वर करतात, हो म्हणताना आडवी हलवतात! आपण ‘ने’ म्हटलं, तर समोरचा वस्तू उचलून चालू लागेल.